आंकारस्ट्रोमच्या बायकोचा काय संबंध? (व्हर्दीचा ऑपेरा आणि खरा खून)

पेठेतला_पाहुणा

मंडळी, परवा रात्री झोप येईना म्हणून व्हर्दीचा 'उन बाल्लो इन मास्केरा' अख्खा पाहिला. म्हणजे 'मुखवट्यांचा नाच'. इटालियन ओ की ठो कळत नाही, खाली पट्ट्या होत्या म्हणून निभावलं.

गोष्ट अशी: स्वीडनचा राजा गुस्ताव आपल्या जिवलग मित्राच्या, आंकारस्ट्रोमच्या, बायकोवर प्रेम करतो. अमेलिया तिचं नाव. मध्यरात्री फाशीच्या माळावर दोघं भेटतात, तिच्या तोंडावर बुरखा. राजाचा जीव वाचवायला नवराच तिथे धावत येतो आणि बुरख्यातली बाई आपलीच बायको निघते. कटवाले खो खो हसतात. नवरा तिथल्या तिथे त्यांना सामील होतो आणि मुखवट्यांच्या नाचात राजाला मारतो.

मग सवयीप्रमाणे इतिहास चाळायला बसलो. खून शंभर टक्के खरा. १६ मार्च १७९२, स्टॉकहोम, मध्यरात्रीचा सुमार, आणि जागा कुठली तर राजाने स्वतः बांधलेलं ऑपेरागृह! मारणारा याकोब योहान आंकारस्ट्रोम हाही खरा. पण तो राजाचा मित्र वगैरे काही नव्हता, सैन्यातून बाहेर पडलेला कॅप्टन होता. आणि बायकोचं प्रकरण कुठेही सापडत नाही. ते १८३३ साली पॅरिसमध्ये स्क्रीब नावाच्या लेखकाने ओबेर या संगीतकाराच्या ऑपेरासाठी रचलं, व्हर्दीने तिथून उचललं.

आता बाकी जग त्या बाईला यावरूनच ओळखणार. राजकारणातून झालेला खून बाईच्या खात्यावर टाकायची ही खोड सगळीकडेच असते का?

सदू_सातारकर

ध चा मा.

टवाळ_टप्पू

सदूभाऊ, दीड शब्दात धागा संपवलात. आम्ही पॉपकॉर्न घेऊन बसलो होतो.

मोडी_वाचक

सदूभाऊंनी नेमकं बोट ठेवलंय, फक्त थोडं उलगडून सांगतो. नारायणरावांचा खून ३० ऑगस्ट १७७३ चा. गुस्तावने स्वीडनमध्ये सत्ता आपल्या मुठीत घेतली ती ऑगस्ट १७७२ मध्ये. म्हणजे जवळजवळ एकाच वेळी इकडे शनिवारवाड्यात नि तिकडे स्टॉकहोमच्या राजवाड्यात खलबतं चालू होती. आपल्याकडे गारद्यांचा थकलेला पगार, राघोबांची कैद, वाड्यातली दुफळी एवढं सगळं असताना शाळेतल्या पोराला विचाराल तर त्याला एकच गोष्ट येते: आनंदीबाईंनी एक अक्षर बदललं. रामशास्त्र्यांनी दोषी कुणाला धरलं होतं? राघोबांना. लोकांच्या लक्षात कोण राहिलं?

फरक एवढाच की आनंदीबाई निदान त्या घरातल्या, त्या राजकारणातल्या. आंकारस्ट्रोमच्या बायकोला तर बसल्या जागी ओढून आणलंय.

बेसुरी

मला हा आक्षेप कळतो पण पटत नाही. ऑपेरा म्हणजे बखर नव्हे. जमीनदारांचे हक्क कमी केले म्हणून बॅरिटोन (जाड आवाजाचा पुरुषगायक, इथे नवरा) चिडला, यावर कोण काय गाणार? 'कलम चौथे रद्द कराऽऽ' असा आलाप घ्यायचा का?

तिसऱ्या अंकात नवऱ्याची 'एरी तू' आहे ती ऐका. आधी बायकोवर संतापलेला, मारायला निघालेला. मग समोर राजाची तसबीर दिसते आणि राग तिकडे वळतो. आणि मध्येच बासरी नि हार्प येतात, सगळा आवाज खाली उतरतो, तो जुने दिवस आठवायला लागतो. राग संपून नुसतं दुःख उरतं. हे घटनादुरुस्तीतून निघत नाही हो.

कोकणचा_काजू

'एरी तू' म्हणजे 'एरी आली पिया बिन' का? यमन आहे का?

बेसुरी

काजूदादा :D नाही. इटालियनमध्ये 'एरी तू' म्हणजे 'तूच होतास तो'. पण खरं सांगू, पहिल्यांदा नाव वाचलं तेव्हा माझ्याही डोक्यात यमनच सुरू झाला होता. क्लासमधल्या मुलींनी अजून तेच धरून ठेवलंय.

आजोबा५२

आमच्या लहानपणी ऑपेरा हाऊस म्हणजे गिरगावातला बसचा स्टॉप. तिथे ऑपेरा नावाचं काही होत असेल ही शंकाही आली नाही. वडील सांगायचे की तिथे बालगंधर्वांना ऐकलं. मग ते थिएटर सिनेमाचं झालं, मग बंद पडलं, २०१६ ला पुन्हा उघडलं म्हणतात. जायचं राहिलंच आहे.

धागाकर्त्याला एक विचारतो. राजाने नेमकं काय केलं होतं की सरदार जिवावर उठले? ते आधी सांगा, मग बायकोचं बघू.

पेठेतला_पाहुणा

आजोबा, बरोबर, ते राहिलंच. थोडक्यात: गुस्तावच्या आधी पन्नासेक वर्षं तिकडे राजा नावापुरता, कारभार संसदेचा, आणि संसदेत सरदारांचं वजन. १७७२ मध्ये याने रक्त न सांडता सत्ता घेतली. सरदारांनी दात ओठ खात सहन केलं. मग १७८८ मध्ये संसदेला न विचारता रशियाशी युद्ध काढलं. आणि १७८९ मध्ये नवा कायदा आणून सरदारांचे बहुतेक खास हक्क काढले. जमिनी नि सरकारी जागा सामान्य लोकांना मोकळ्या केल्या. शेतकरी खूश, सरदार पेटले. त्याच साली फ्रान्समध्ये क्रांती. हा गडी तिकडे फ्रेंच राजाला वाचवायला फौज न्यायची स्वप्नं बघत होता आणि घरात सरदारांविरुद्ध सामान्यांचा कैवारी. एकाच माणसात दोन्ही.

थंडगार_कोल्हापुरी

नमस्कार, बरीच वर्षं स्टॉकहोमात आहे, म्हणून बोलायचा थोडा हक्क सांगतो.

त्या युद्धाबद्दलची गंमत इथे सगळे सांगतात. संसदेच्या संमतीशिवाय राजाला हल्ला करता येत नव्हता, बचाव मात्र करता येत होता. मग सरहद्दीवर पूमाला नावाच्या ठिकाणी 'रशियन' सैनिकांनी स्वीडिश चौकीवर गोळीबार केला. ते रशियन म्हणजे आपलेच स्वीडिश, वेश बदललेले. आणि ते रशियन गणवेश शिवले कुणी? शाही ऑपेराच्या शिंप्याने! म्हणजे युद्धाची सुरुवातही ऑपेराच्या कपडेपटातून आणि राजाचा शेवटही ऑपेरातच.

इथे राजवाड्याच्या तळघरात शस्त्रागाराचं संग्रहालय आहे. तिथे राजाचा त्या रात्रीचा पोशाख ठेवलाय: काळा व्हेनिशियन झगा, तीनटोकी टोपी, मुखवटा. आत घातलेल्या कोटाला पाठीत डाव्या अंगाला, कमरेच्या जरा वर, भोक आहे. बाजूला आंकारस्ट्रोमची पिस्तुलं आणि सुरी. पिस्तुलात दोन गोळ्या, बारीक छर्रे आणि वर खिळे ठासले होते. धाकटीला घेऊन गेलो होतो, ती त्या भोकापुढून हलेना. 'बाबा, पाठीतून का मारलं?' मला उत्तर सुचलं नाही, मी तिला पेंढा भरलेला घोडा दाखवायला नेलं.

टवाळ_टप्पू

थांबा थांबा. राजाचा घोडा पेंढा भरून ठेवलाय?

थंडगार_कोल्हापुरी

या राजाचा नाही. दुसऱ्या गुस्ताव आडॉल्फचा, १६३२ च्या लढाईत राजा पडला त्या वेळचा. स्ट्राइफ नाव. इथे गुस्ताव इतके झालेत की आकडा लावल्याशिवाय बोलूच नये. आपल्याकडच्या माधवरावांसारखं.

इंदुरी_जिरावण

मुझे छोडो, मेरा मतलब मला सोडा (इंदूरच्या मराठीला माफी असावी), पण मुखवटा होता तर ओळखलं कसं राजाला? नाचात सगळेच काळे झगे घालून.

पेठेतला_पाहुणा

जिरावणसाहेब, छातीवर सेराफीम पदकाचा तारा लावूनच गेला होता! आणि त्याच्याही आधीची गोष्ट ऐका. राजा वरच्या दालनात निवडक मंडळींबरोबर जेवत असताना फ्रेंचमध्ये लिहिलेली निनावी चिठ्ठी आली: आज नाचाला जाऊ नका, तुमच्या जिवावर उठलेत. लिहिणारा लिलियेहोर्न नावाचा अधिकारी, खुद्द कटातलाच, ऐन वेळी ज्याचं मन खायला लागलं असा. राजाने चिठ्ठी आपला विश्वासू फोन एसेन याला दाखवली. तो म्हणाला, जाऊ नका, गेलातच तर आत चिलखत घाला. राजाने हसण्यावारी नेलं. उलट ऑपेरातल्या खिडकीपाशी थोडा वेळ उभा राहिला आणि म्हणाला, मारायचंच असतं तर यापेक्षा चांगली संधी कुठली. मग एसेनच्या हातात हात घालून खाली उतरला. काळ्या झग्यांचा घोळका भोवती जमला, कुणीतरी फ्रेंचमध्ये 'नमस्कार, सुंदर मुखवटेवाले' म्हणालं आणि मागून बार निघाला.

चिठ्ठीचं प्रकरण ऑपेरात तसंच्या तसं आहे, फक्त तिथे ती अमेलिया लिहिते. म्हणजे पुन्हा बाईच!

नर्मदाकाठची

ऑपेरातली भविष्य सांगणारी उलरिका तरी खरी आहे का? की तीही पॅरिसवाल्यांची पैदास?

थंडगार_कोल्हापुरी

ताई, ती खरी. उलरिका आर्व्हिडसन. स्टॉकहोममधली नामांकित भविष्यवाली, कॉफीच्या गाळावरून सांगायची. गुस्ताव १७८६ मध्ये वेश पालटून तिच्याकडे गेला होता. खून झाल्यावर पोलिसांनी तिलाही बोलावून विचारपूस केली. ऑपेरात तिच्या तोंडचं भाकीत असं की जो पहिला तुझ्याशी हात मिळवेल तोच तुझा मारेकरी. ते मात्र नाटकी.

टवाळ_टप्पू

कॉफीवरून आठवलं. याच राजाबद्दल दंतकथा आहे ना, की कॉफी विष आहे हे सिद्ध करायला त्याने फाशीच्या दोन जुळ्या कैद्यांना सोडलं, एकाला रोज कॉफी, दुसऱ्याला रोज चहा? आधी देखरेखीचे डॉक्टर मेले, मग राजाचा खून झाला, मग ८३ व्या वर्षी चहावाला गेला. कॉफीवाला टुणटुणीत. खरंखोटं देव जाणे, पण चहावाल्यांनी आता गप्प बसावं.

आजोबा५२

अमृततुल्याच्या गावात बसून हे बोलता? धिक्कार.

बेसुरी

उलरिकावरून अवांतर, पण सांगायलाच हवं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरामध्ये गाणारी पहिली कृष्णवर्णीय गायिका मारियन अँडरसन. ७ जानेवारी १९५५, आणि भूमिका हीच, उलरिका. तेव्हा तिचं वय ५७, उमेदीची वर्षं बंद दारांबाहेर गेलेली. दोनच वर्षांनी ती भारतातही येऊन गायली. आणि याच ऑपेराच्या मूळ शब्दांत न्यायाधीश उलरिकाबद्दल 'काळ्यांचं घाणेरडं रक्त' असं म्हणतो. आता बहुतेक ठिकाणी ती ओळ बदलून गातात.

इंदुरी_जिरावण

पण स्वीडनमध्ये कृष्णवर्णीय भविष्यवाली कुठून आली?

बेसुरी

हाच तर मोठा गोंधळ! व्हर्दीचा ऑपेरा रंगभूमीवर आला तेव्हा तो स्वीडनमध्ये घडतच नव्हता, अमेरिकेत बॉस्टनला घडत होता.

झालं असं. नेपल्सच्या सान कार्लोसाठी करार झाला होता. तिथल्या सेन्सॉरला रंगमंचावर राजाचा खून चालेना. मग राजाचा ड्यूक केला, स्वीडनचं पोमेरेनिया केलं. तेवढ्यात १४ जानेवारी १८५८ ला पॅरिसमध्ये ओर्सिनी नावाच्या इटालियनाने तिसऱ्या नेपोलियनच्या गाडीवर बाँब टाकले. आठ माणसं गेली, सम्राट वाचला. आणि सम्राट निघाला कुठे होता? ऑपेराला. झालं, नेपल्सचे सेन्सॉर पिसाळले. त्यांनी परस्पर नवीनच संहिता करून पाठवली, गोष्ट थेट जुन्या फ्लॉरेन्समध्ये. व्हर्दीने साफ नकार दिला, प्रकरण कोर्टात गेलं, शेवटी तडजोड झाली. मग रोमच्या अपोलो थिएटरने घेतलं, अट एवढीच की युरोपातला राजा नको. म्हणून राजाचा बॉस्टनचा गव्हर्नर झाला, आंकारस्ट्रोमचा रेनातो, आणि कटवाले सरदार झाले सॅम्युएल आणि टॉम. १७ फेब्रुवारी १८५९ ला पहिला प्रयोग.

टवाळ_टप्पू

सॅम्युएल आणि टॉम :)) हहपुवा. बापू आणि गणू ठेवायचं ना मग.

मोडी_वाचक

याच सुमाराला तिकडे 'व्हिवा व्हर्दी' ही घोषणा चालायची ना? व्हर्दीच्या नावातली अक्षरं म्हणजे 'व्हित्तोरियो एमानुएले, रे दी इतालिया', इटलीचा राजा. उघड राजाचा जयजयकार करता येत नाही म्हणून संगीतकाराचा करायचा. सेन्सॉरने नाटकातला राजा झाकला तर लोकांनी भिंतीवर काढला.

सदू_सातारकर

म्हणजे 'किचकवध'. वरून महाभारत, आतून कर्झन.

मोडी_वाचक

सदूभाऊ, तुम्ही दोन ओळींच्या वर लिहायचं नाही असा पण केलाय का? पण तुलना चपखल. फक्त खाडिलकरांच्या नाटकावर सरकारने १९१० साली बंदीच घातली, व्हर्दी बॉस्टनला जाऊन सुटला.

नर्मदाकाठची

मूळ प्रश्नावर येते. पाहुणे, तुमचा मुद्दा पटतोय, पण स्वीडिश लोकांना काय वाटतं? आपल्याकडे 'घाशीराम' आलं तेव्हा नानांच्या चित्रणावरून केवढं रण माजलं. लेखक सांगत होता की हे ऐतिहासिक नाटक नव्हे, तरी.

थंडगार_कोल्हापुरी

ताई, इथे गंमत वेगळीच. विसाव्या शतकात गोष्ट बॉस्टनहून पुन्हा स्टॉकहोमला आणली. १९५८ मध्ये इथल्या शाही ऑपेरात यॉरान येंटेलेने ती बसवली ती इतिहासाच्या अंगाने, आणि राजा पुरुषांकडे ओढा असलेला दाखवला. तशी कुजबुज गुस्तावच्या हयातीतच होती. राणीबरोबरचा संसार थंड, हे जगजाहीर. म्हणजे परस्त्रीचं लफडं चिकटवलं कुणाला, तर ज्याला त्यात फारसा रस नसावा अशा माणसाला. यावर इथले लोक चिडत नाहीत, हसतात.

आणि ज्या इमारतीत खून झाला ती १८९२ मध्ये पाडली. त्याच जागी आजचं ऑपेरागृह आहे, १८९८ चं. कामाला जाताना बस समोरून जाते.

आजोबा५२

त्या आंकारस्ट्रोमचं पुढे काय झालं? बायकोचंही सांगा, धागा तिच्या नावाने आहे.

पेठेतला_पाहुणा

बार झाल्याबरोबर दारं बंद केली, सगळ्यांचे मुखवटे उतरवून नावं लिहून घेतली, मग सोडलं. आंकारस्ट्रोमही नाव सांगून घरी गेला! पण पिस्तुलं जमिनीवर टाकली होती. सकाळी पोलिसप्रमुखाने शहरातल्या बंदूकवाल्यांना दाखवली, एकाने ओळखली. त्याच दिवशी पकडला.

राजा ऑपेरात गात गात लगेच मरतो. खरा १३ दिवस तळमळला, जखम चिघळत गेली, २९ मार्चला गेला. आंकारस्ट्रोमला भर चौकात फटके मारत तीन दिवस फिरवलं, आणि २७ एप्रिलला आधी उजवा हात तोडला, मग डोकं. वय २९. बाकी कटवाल्यांपैकी कुणाला देहदंड नाही, हद्दपारी नि कैद.

बायकोचं खरं नाव गुस्ताव्हियाना लोवेन. योगायोग बघा, राजाचंच नाव बाईच्या रूपात. कुटुंबाने आडनाव टाकलं आणि लोवेनस्ट्रोम झाले.

थंडगार_कोल्हापुरी

त्या लोवेनस्ट्रोम नावाचं इस्पितळ स्टॉकहोमच्या उत्तरेला आजही आहे. मारेकऱ्याच्या भावाने दिलेल्या देणगीतून १८११ मध्ये निघालं. मित्राची बायको तिथे कामाला होती, तिलाही ही गोष्ट ठाऊक नव्हती. मी सांगितली तर म्हणाली, पार्किंगचं काही करता येतं का बघ त्यांना.

मोडी_वाचक

दोन दिवस वाचत होतो म्हणून गायब होतो. पाहुणे, तुमच्या प्रश्नाला एक पाचर मारतो. तुम्ही म्हणता बाईचा संबंध नाही. आहे. पण वेगळ्या बाईचा आणि वेगळ्या माणसाचा.

कटातला एक तरुण सरदार आडॉल्फ रिबिंग. त्याला द खेर घराण्यातल्या एका श्रीमंत वारसदार मुलीशी लग्न करायचं होतं. त्याच मुलीवर राजाच्या मर्जीतल्या एकाचा डोळा, आणि राजाने आपलं वजन त्याच्या पारड्यात टाकलं. दोघांचं द्वंद्व झालं, तो मर्जीतला माणूस जखमी झाला. कोण तो? हान्स हेन्रिक फोन एसेन. वर आलंय बघा त्याचं नाव: ज्याने चिलखत घाला म्हटलं आणि ज्याच्या हातात हात घालून राजा खाली उतरला, तोच. रिबिंगही त्या रात्री नाचात होता. म्हणजे ज्याच्या पायी राजाशी वाकडं झालं तो माणूस राजाच्या बगलेत उभा, आणि गोळी बसली राजाला.

पुढचं तर अजून भारी. रिबिंग हद्दपार होऊन फ्रान्सला गेला. तिथे त्याचा मुलगा आडॉल्फ द लवेन नावाने ऑपेरांच्या संहिता लिहायला लागला आणि चढत चढत पॅरिसच्या ऑपेरा-कोमिक या नाट्यगृहाचा संचालक झाला. तिथे 'कारमेन' हा ऑपेरा करायचं ठरलं तेव्हा याने हट्ट धरला की नायिकेचा खून रंगमंचावर दाखवायचा नाही, आमच्याकडे मुलींची लग्नं जुळवायला घरंदाज मंडळी येतात! ऐकलं नाही म्हणून १८७४ मध्ये पद सोडलं. बाप ऑपेरात खऱ्या खुनाच्या कटात, मुलाला ऑपेरात खोटा खूनही सोसेना.

बेसुरी

मोडीकाका _/\_ हे मला माहीत नव्हतं. पण मग स्क्रीबने ही खरी गोष्ट सोडून खोटी का रचली? तो तर पॅरिसमध्येच होता.

मोडी_वाचक

कारण ही गायला अवघड. रिबिंगचा राग एसेनवर, सूड राजावर, आणि चाप आंकारस्ट्रोमने ओढला. तीन माणसांत वाटलेला राग एका बॅरिटोनच्या तोंडी द्यायचा तर बायको त्याचीच करावी लागते.

पेठेतला_पाहुणा

मोडीकाका, पाचर बसली. तरी माझी तक्रार अर्धी शिल्लक आहे: राग तिघांचा एकत्र केला ते समजलं, पण बाईचा हिशोब तिच्याविना केला. द खेरांच्या त्या मुलीला दोघांपैकी कोण हवा होता, हे कुठे लिहिलंय?

सदू_सातारकर

तिला विचारलं असतं तर ऑपेरा झाला नसता.

कोकणचा_काजू

सगळं वाचून काढलं आणि 'एरी तू' पण ऐकलं. बेसुरीताई, ते बासरीचं आलं तिथे अंगावर काटा आला. यमन नाही हे मान्य.